निरोगी नमुना क्रमांक चार

एचएसआर लेआउट, बेंगळुरू
९ जून २०२५

संहिता,

फोनवर बोलणार नाही, कारण फोनवर तू रडतेस आणि मग वाईट मी ठरतो. ईमेल पाठवणार नाही, कारण तुझ्या इन्स्टिट्यूटच्या कॉम्प्युटरवर आमच्या घराची आणखी एक गोष्ट मला नको आहे. शाळेत आपलं कन्नड आणि इंग्लिश, तरी अप्पांनी घरी बसवून रोज एक पान मराठी लिहून घेतलं. ते आज भांडायला कामी येतंय.

मंगळवारी ऑफिसात नागराज माझ्या टेबलाशी येऊन घुटमळला. त्याचा मुलगा कॉलेजच्या पोरांबरोबर तुमच्या इन्स्टिट्यूटच्या ओपन डेला गेला होता. तिथे एका मॅडमनी भाषण केलं. पहिल्याच स्लाइडवर हॉस्पिटलच्या खाटेवरच्या मुलाचा फोटो, खाली नाव हयवदन. हे नाव बेंगळुरूत किती जणांचं असेल? नागराजनं आवाज खाली आणून विचारलं, ‘सर, तुम्ही इन्सुलिन घेता? कधी बोलला नाहीत.’ त्याच्या तोंडावर दया होती. तीच दया चुकवण्यात माझी बत्तीस वर्षं गेली.

इंदिरानगरच्या त्या ऑफिसात मी रोज जेवणाआधी बाथरूममध्ये जाऊन पोटात सुई टोचतो आणि हात धुऊन बाहेर येतो. कुणाला पत्ता नाही. आधीच्या नोकरीत सगळं सांगितलं होतं, तर तिथे मला जपायला लागले. जपता जपता बढती दुसऱ्याला देऊन टाकली.

आणि तू भाषणात काय सांगितलंस? भावाला बेशुद्ध पडताना मी डोळ्यांनी पाहिलं आणि त्याच दिवशी ठरवलं, या आजारावर काम करायचं. तू चार वर्षांची होतीस, संहिता, आणि होसूरला मावशीकडे होतीस. कसले डोळे आणि कसला दिवस? पीएचडीच्या स्कॉलरशिपला मी, जर्मनीच्या फेलोशिपला मी, आता फॅकल्टीच्या जागेलाही मीच. माझ्या मेलेल्या स्वादुपिंडावर तू घर बांधलंस. आता त्यावर मजला चढवायला माझी मुलगी हवी झाली.

होय, शिवलीलाने सांगितलं मला. मला न विचारता माझ्या बायकोला फोन करून तू अहल्येचं रक्त मागितलंस. अहल्या आठ वर्षांची आहे. तिच्या रक्ताला हात लावायचा नाही. एवढंच सांगायला कागद खराब केला.

हयवदन


के. आर. पुरम
१५ जून २०२५

अण्णा,

पत्र मिळालं. शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत. अप्पा असते तर पान परत लिहावं लागलं असतं.

होसूरचं खरं आहे, मी तुला पडताना पाहिलं नाही. पण होसूरहून परत आले तेव्हा घराचं काय झालं होतं ते मी पाहिलं. साखरेचा डबा कुलपात. आई सारखी तुझ्या ताटाकडे बघणारी, माझ्या ताटाकडे कुणीच नाही. मला ताप आला तर ‘स्वल्प थांब, अण्णाची सुई होऊ दे.’ त्या घरात मूल एकच होतं आणि ते तू होतास. तेव्हा हा आजार तुझ्या एकट्याच्या मालकीचा असल्यासारखा बोलू नकोस. त्याचं भाडं मीही भरलं आहे.

फोटो आईने स्वतः माझ्या हातात दिला होता. त्याखालचं नाव बदलायला हवं होतं. ते बदलीन. त्याहून जास्त माफी मागणार नाही. मी छत्तीस वर्षांची आहे आणि अजून पोस्टडॉक, म्हणजे दर वर्षी नवा करार आणि दर वर्षी जीव टांगणीला. या वेळी जागा मिळाली नाही तर बॅग घेऊन लॅबोलॅब किट विकत फिरायचं. समितीसमोर चांगले पेपर सगळ्यांकडेच असतात. ‘हाच आजार का निवडला?’ असं विचारलं की मी तुझं नाव घेते. दुसरं उत्तर माझ्याकडे नाही.

आता अहल्या. नीट वाच, मग हवा तेवढा ओरड. बापाला टाइप वन मधुमेह असला की मुलाला तो होण्याची शक्यता इतर पोरांपेक्षा कितीतरी पट जास्त असते. शरीरातली जी यंत्रणा जंतूंशी लढायची, तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारायला लागते, आणि हे साखर वाढायच्या आधी वर्षानुवर्षं मुकाट्याने चालू असतं. त्याच्या खुणा रक्तात दिसतात. आम्ही त्यांना अँटिबॉडी म्हणतो. दोन किंवा जास्त सापडल्या तर पुढेमागे आजार होणार हे जवळजवळ ठरलेलं. पण मग घरचे सावध असतात. तुझ्यासारखं मूल बेशुद्ध पडेपर्यंत कुणी थांबत नाही.

लहानशी एक नळी रक्त लागतं. वहिनीला विचारलं, कारण तुला विचारलं असतं तर काय झालं असतं ते तुझ्या पत्रातच आहे.

संहिता


एचएसआर लेआउट
२२ जून २०२५

संहिता,

किती छान समजावतेस. ओपन डेला टाळ्या पडल्या असतील.

मला यंत्रणा आणि पेशी शिकवू नकोस. तू हा आजार नळीत बघितलास. नळी धुऊन ठेवली की तू घरी जातेस. मी त्याला घेऊनच घरी जातो, लग्नाला जातो, देवळात जातो. तुझ्या अंगाला कधी सुई लागली?

आणि मी बेफिकीर बाप आहे असं समजू नकोस. अहल्या चालायला लागली तेव्हापासून दर रविवारी, आंघोळीच्या आधी, मी माझ्या मशीनने तिच्या बोटातला एक थेंब बघतो. तिला तो बापाचा खेळ वाटतो. थेंब, मग आकडा, मग डोसा. आजवर एकदाही आकडा वर गेलेला नाही. तेव्हा माझ्या घरात काय चाललंय ते मला तुझ्याकडून कळायची गरज नाही.

आता समज, तुझ्या त्या खुणा सापडल्या. पुढे काय? औषध आहे? शिवलीलाला तूच म्हणालीस, थांबवता येत नाही, फार तर परदेशातल्या एका महागड्या औषधाने दोनतीन वर्षं लांबवता येतं. मग ती मधली वर्षं आम्ही काय करायचं? पोर खेळतेय आणि आम्ही वाट बघत बसायचं? संहिता, माझ्या आयुष्यात मी नुसता मुलगा होतो अशी पहिली अकरा वर्षं होती. भूक लागली की खाल्लं, दमलो की झोपलो. त्यानंतर असा एक दिवस मला मिळाला नाही. माझ्याकडे आनंदाचं म्हणून जे काही आहे ते सगळं त्या अकरा वर्षांतलं आहे. अहल्येची आठच झाली आहेत. तू ती कापायला निघालीस.

आणि कशासाठी? फोनवर शिवलीलाला तू बोलून गेलीस की आजाऱ्यांच्या नातेवाइकांचे नमुने मिळत नाहीत, अभ्यास अडला आहे. आलं ना बाहेर?

पुन्हा माझ्या घरी फोन केलास तर तुमच्या डायरेक्टरना लिहीन की ही बाई परवानगीशिवाय लोकांचे फोटो दाखवून नोकरी मागते. मी सुम्ने, उगाच, धमकी देणारा माणूस नाही, तुला माहीत आहे.

हयवदन


के. आर. पुरम
३ जुलै २०२५

अण्णा,

लिही. डायरेक्टरांचा पत्ता हवा असेल तर पाठवते.

तुझा रविवारचा खेळ वाचला. अरे, तू चुकीची गोष्ट मोजतोयस. साखर सगळ्यात शेवटी वाढते. आत वाळवी लागली आहे का हे तू बाहेरचा रंग बघून ठरवतोयस. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलांचा आकडा वर्षभर आधी असाच सुंदर होता. इतकी वर्षं इन्सुलिन घेतोस, तुला साखर सोडून दुसरं काही दिसत नाही. आकडा चांगला आला की तू तव्यावर डोसा घालतोस आणि स्वतःची पाठ थोपटतोस.

अकरा वर्षांचं तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. मला वाईट वाटलं, पण पटलं नाही. भीती अहल्येला वाटेल म्हणतोस. तिला कशाची भीती? भीती तुला आहे. बाथरूममध्ये लपून सुई घ्यायची इतकी सवय लागली की आता मुलीलाही त्याच बाथरूममध्ये कोंडून वर त्याला बालपण म्हणतोस. भित्रा आहेस तू, अण्णा. आजारी म्हणून सगळ्यांनी तुझे लाड केले, त्यामुळे हे कुणी तोंडावर म्हटलं नाही.

नमुने कमी पडतात हे खरं. मी नाकारत नाही. पण तेवढंच कारण असतं तर तुझ्या दारात येऊन इतका अपमान कशाला करून घेतला असता? आपल्या घरात हा आजार तुझ्यापाशी येऊन थांबला असं तू धरून चालला आहेस. तसं कुणी लिहून दिलं आहे का?

पुरे. इंटरव्ह्यू याच महिन्यात आहे. हल्ली फार थकायला होतं, ओळ वाचली की पुन्हा वाचावी लागते. वहिनीला सांग, काही न करता बारीक झाले आहे, सगळे ड्रेस ढगळ झालेत. तिला ऐकून बरं वाटेल.

संहिता


एचएसआर लेआउट
२८ जुलै २०२५

संहिता,

डायरेक्टरना पत्र ११ तारखेला टाकलं. म्हटलं होतं, केलं.

नागराजच्या मुलाला आता तुमच्या इन्स्टिट्यूटचं वेड लागलंय, सगळ्या बातम्या आणतो. शुक्रवारी कळलं की त्या जागेच्या इंटरव्ह्यूला तू बसलीच नाहीस, नाव मागे घेतलंस. म्हणजे माझं पत्र पोचलं. मला आनंद झाला असेल असं तुला वाटत असणार. झाला. दुपारपर्यंत राहिला. मग ऑफिसात काम सुचेना.

माझं भांडण तू अहल्येला सोडावंस एवढ्यासाठी होतं. तुझी नोकरी मी मागितली नव्हती. पत्र एक आणि नोकरी एक, हा काही बरोबरीचा सौदा झाला नाही. पण एवढ्यासाठी मी माफी मागीन असं समजू नकोस. फोटो तूच लावला होतास.

शिवलीलाने तीनदा फोन केला, बंद आहे. नाटक करत असशील तर आता पुरे. नोकरी गेली म्हणून कुणी मरत नाही. माझीही एकदा बढती गेली, मी उठून उभा राहिलोच ना.

हयवदन


के. आर. पुरम
५ ऑगस्ट २०२५

अण्णा,

फोन बंद केला नव्हता. तो हॉस्पिटलात नर्सच्या ड्रॉवरमध्ये होता.

आधी तुझा गैरसमज काढते. तुझ्या पत्राने काहीही झालं नाही. डायरेक्टर परदेशात होते, त्यांनी ते परत आल्यावर उघडलं. तोवर मी नाव मागे घेतलं होतं. हे श्रेय तुला मिळणार नाही.

आमच्या लॅबची एक रीत सांगते. आजारी माणसाच्या रक्ताशेजारी निरोगी माणसाचं रक्त लावावं लागतं, तुलनेसाठी. ते रोज कुठून आणणार? जो समोर असेल तो बाही वर करतो. पीएचडीची पोरं, ऑफिसातला क्लार्क, जो हाती लागेल तो. मी इथे नवी पोस्टडॉक असताना एका सुट्टीच्या दिवशी लॅबमध्ये कुणी नव्हतं, म्हणून मी माझाच हात पुढे केला. निरोगी नमुना क्रमांक चार. मग तीच सवय पडली. माझ्या पेपरमधले आजारी लोक ज्या निरोगी लोकांशी ताडून बघितले, त्यांत मी आहे. टाइप वनच्या रुग्णाच्या सख्ख्या बहिणीचं रक्त निरोगी म्हणून लावायचं नसतं, हे नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगतात. मला कुणी सांगितलं नाही, कारण लॅबमध्ये ते सांगायचं काम माझ्याकडेच आलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर अँटिबॉडी शोधायचं नवं किट आलं. ते बरोबर चालतं का बघायला जुने सगळे नमुने लावले. क्रमांक चारमध्ये दोन अँटिबॉडी निघाल्या. मी म्हटलं, नळ्यांची अदलाबदल झाली. ताजं रक्त काढून पुन्हा लावलं, पुन्हा तेच. म्हटलं, किट खराब आहे. मे महिन्यात दुसऱ्या कंपनीचं किट मागवलं, त्यातही तेच आलं. तेव्हा डॉक्टरकडे जायचं सोडून मी वहिनीला फोन केला आणि अहल्येचं रक्त मागितलं.

१६ जुलैला लॅबबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये पडले. शुद्धीवर आले तेव्हा आयसीयूत होते. साखर पाचशेच्या वर, आणि रक्त आंबट झालेलं. हे सगळं मी वर्गात शिकवते. तिथे पडून छताकडे बघताना मला त्यातला एक शब्द आठवत नव्हता.

वॉर्डात हलवलं त्या दिवशी आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमना क्रमांक चारचं सगळं सांगितलं. पेपर मागे घ्यावा असं जर्नलला आम्ही दोघींनी लिहिलं. त्यानंतर कुठल्या तोंडाने इंटरव्ह्यूला बसणार होते?

मला टाइप वन आहे, अण्णा. वहिनीला सांगू नकोस, ती डबे घेऊन येईल. मला दया नको आहे. तुला तरी हे समजायला हवं.

संहिता


एचएसआर लेआउट
९ ऑगस्ट २०२५

संहिता,

खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. तुझं पत्र वाचून मला आधी वाईट वाटलं नाही. वाटलं, बरं झालं, आता कळेल हिला. हे माझ्या मनात आलं आणि चहा संपेपर्यंत राहिलं. तू माझी सख्खी बहीण आहेस आणि माझ्या मनात हे आलं. तुलाही ते माहीत असू दे.

मग तुझं तीन जुलैचं पत्र काढून पुन्हा वाचलं. थकवा येतो, ओळ कळत नाही, ड्रेस ढगळ झालेत. मी रस्त्यात कुणाला बाटलीने दोनदा पाणी पिताना पाहिलं तरी वळून बघणारा माणूस. आणि हे वाचून मी पुढे गेलो, कारण वरच तू मला भित्रा म्हटलं होतंस. रागाच्या भरात मला खालचं काही दिसलंच नाही.

पण सरी, झालं ते झालं, आता तू माझं ऐक. दिवाळीनंतर स्वतःच्या रक्तात दोन अँटिबॉडी दिसल्या. म्हणालीस, नळी बदलली. म्हणालीस, किट खराब आहे. म्हणजे तुला माहीत करून घ्यायचं नव्हतं. या विषयातल्या पीएचडी बाईला स्वतःचं माहीत करून घ्यायचं नव्हतं, आणि माझ्या आठ वर्षांच्या पोरीचं मात्र हवं होतं. तिच्याकडून तुला कसला धीर हवा होता? मी भित्रा, मग तू कोण?

तिचं रक्त मिळणार नाही.

सुई बेंबीच्या जवळ घेऊ नकोस, तीनचार बोटं सोड, आणि रोज जागा बदल. त्याच त्याच जागी टोचलं की गाठ धरते, मग इन्सुलिन नीट लागत नाही. हॉस्पिटलात हे सांगतात आणि कुणी लक्ष देत नाही. पर्समध्ये ग्लुकोजची पूड ठेव. चॉकलेट नको, ते उशिरा चढतं आणि तोवर माणूस आडवा होतो. हात कापायला लागले तर आधी खा, मग मोज. तू उलटं करशील, मला माहीत आहे.

शिवलीलाला सांगितलं. तुझ्या सांगण्यावरून मी बायकोपासून लपवणार नाही.

हयवदन

ताई, मी शिवलीला. पाकीट चिकटवायच्या आधी चार ओळी. काल ह्यांनी जेवण केलं नाही, मुलीवर उगाच ओरडले आणि मग तिला घेऊन फिरायला गेले. तुमचं भांडण तुम्ही भांडा, मी मध्ये पडत नाही. आम्हा निपाणीकडच्यांचं भाकरीशिवाय होत नाही. तुम्हाला ज्वारीची चालते का, तेवढं कळवा. मी रविवारी येणार आहे.


के. आर. पुरम
१८ ऑगस्ट २०२५

अण्णा,

वहिनी येऊन गेली. भाकरी एक चालते, तिने चार आणल्या.

तू विचारलंस, मी कोण. भित्रीच. तुझ्याहून जास्त, कारण तुला दिसत नव्हतं आणि मला कागदावर दिसत होतं. धीर हवा होता हेही तू बरोबर ओळखलंस. अहल्येत काही नाही निघालं तर घराण्यात काही नाही, माझंही किटच खराब, असं मी मनाशी जुळवलं होतं. त्यासाठी पोरीचा हात मागितला. तुला शिव्या द्यायच्या असतील तर याच्यासाठी दे, मी निमूट ऐकीन.

पण माहीत करून न घेतल्याने काय होतं ते मी बघून आले आहे, तेवढं ऐक. आधी तहान लागत होती. मला वाटलं, बोलून बोलून घसा कोरडा पडतोय. मग पोटात दुखायला लागलं, वाटलं बाहेरचं खाल्लं. मग धाप लागायला लागली, वाटलं इंटरव्ह्यूची काळजी. शेवटच्या दिवशी माझाच पेपर माझ्यासमोर होता आणि त्यातली अक्षरं मला लागत नव्हती. मशीन टेबलावर होतं. हात लांब केला असता तरी पुरे होतं. इतकी वर्षं याच आजारात घालवलेल्या बाईला हे कळलं नाही, अण्णा.

अहल्या तुला काय सांगणार आहे? ती म्हणेल, पोट दुखतंय. सोमवार असेल तर तू म्हणशील, शाळा चुकवायची आहे. अप्पांनी तुला हेच म्हणून शाळेत पाठवलं होतं. तुला वर्गातून उचलून आणलं. आई शेवटपर्यंत ते सांगून रडायची. तुला कधी बोलली नसेल, मला बोलायची.

तुझ्या रविवारच्या थेंबावर विसंबू नकोस. सोमवार ते शनिवार खूप काही होऊ शकतं.

आता यात माझं काहीच उरलेलं नाही. अभ्यास मी सोडला आहे, करार डिसेंबरात संपतो, तो पुढे वाढणार नाही. तिच्या रक्तातून मला धड एक ओळ लिहिता येणार नाही. आमच्याकडे आणू नकोस, बाहेर कुठेही तपास. निकाल मला सांगू नकोस. माझं तोंड जन्मभर बघू नकोस. फक्त तपास.

संहिता


एचएसआर लेआउट
२१ सप्टेंबर २०२५

संहिता,

उत्तर दिलं नाही, कारण द्यायला काही नव्हतं. आता आहे.

तुझं पत्र आल्यावर आठ दिवस शिवलीला माझ्याशी बोलली नाही. नंतर एवढंच म्हणाली, ‘तुम्ही नेता की मी नेऊ?’ मी नेलं. अहल्येला सांगितलं, शाळेला रक्तगट हवा आहे. ती रडली नाही, सुईकडे बघत बसली. नर्स म्हणाली, फार धीट आहे. मला तिथून उठून बाहेर जावं लागलं.

दोन्ही आहेत. तुझ्यासारखंच मलाही वाटलं की किट खराब असेल, म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा केलं. तिथेही दोन्ही अँटिबॉडी आहेत. साखर अजून चांगली आहे. डॉक्टर म्हणाले, वर्ष लागेल, पाच लागतील, कुणी सांगू शकत नाही. काय काय बघायचं ते त्यांनी सांगितलं. सगळं तू आधीच लिहिलं होतंस.

तू बरोबर होतीस. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. तू चुकीची ठरली असतीस तर मी तुला लगेच माफ केलं असतं, मिठाई पाठवली असती.

आम्ही ठरवलंय, तिला सांगायचं नाही. ती मोठी होईल तेव्हा बघू. शिवलीलाला माहीत, मला माहीत, तुला माहीत. शाळेत तिच्या टीचरला तेवढं सांगितलं आहे, पोट दुखलं, सुस्त वाटली तर आधी आम्हाला फोन करायचा. तिला तिची वर्षं मिळाली पाहिजेत आणि ती वर्गात कोसळताही कामा नये. तू एक म्हणत होतीस, मी दुसरं. आता दोन्ही करायचं आहे, आणि ते आम्हा दोघांना झेपत नाही. शिवलीला रोज सकाळी अंथरूण काढताना हात लावून बघते, ओलं आहे का. पोर पाणी प्यायला उठली की आम्ही दोघं बोलायचे थांबतो. परवा तिने विचारलं, तुम्ही माझ्यावर रागावलात का? या महिन्यात माझा स्वतःचा आकडा एकदाही धड आलेला नाही.

तुला माहीत करून घ्यायचं होतं ना? मग हे तुझंही आहे. अर्धं उचल. दर शनिवारी तिचा पोहण्याचा क्लास असतो. आता तू ने. पाण्यातून आल्यावर किती पिते ते बघ, दमली तर नेहमीसारखी दमली का ते बघ, आणि तिला कळू न देता बघ. आत्या अचानक का यायला लागली असं ती विचारील. सांग, काम कमी झालंय. खरंच आहे ते.

मी तुला माफ केलेलं नाही. तू आलीस की मी बाहेर येऊन बोलीन असंही नाही. शिवलीला दार उघडेल.

शनिवारी ये. तिच्यासमोर रडायचं नाही.

हयवदन